तीन बडबडे आणि दोन अबोल

दांडिया बाजार, बडोदा

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझी इंग्रजी शब्दांची वही पाहिली. लोक्वेशस म्हणजे बडबड्या, गॅर्युलस म्हणजे बडबड्या, व्होल्युबल म्हणजेही बडबड्या! तिन्ही एकाच प्रश्नाच्या पर्यायांत आले तर काय करशील?

शेजारच्या चार वर्षांच्या पोरीला आपण कौतुकानं बडबडी म्हणतो, वाचाळ म्हणत नाही. इंग्रजी शब्दांनाही अशीच माणसं ठरलेली असतात. आपले गुजराती शेजारी ज्याला ‘वातोडियो’ म्हणतात, तो लोक्वेशस. त्याला बोलायची हौसच असते. ओट्यावर गाठून तेच ते पाल्हाळ लावणारा तो गॅर्युलस. व्होल्युबलच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘घरंगळणं’ आहे, म्हणजे शब्द न अडखळता सुटतात. खंडेराव मार्केटात भावावरून पेटलेली भाजीवाली व्होल्युबल असते, गॅर्युलस मुळीच नसते.

लोक्वेशसमधला ‘लोक्वी’ म्हणजे बोलणं. तोच प्रभावी बोलणाऱ्या एलोक्वंटमध्ये आहे, नाटकातल्या स्वगताला म्हणतात त्या सोलिलोक्वीत आहे आणि व्हेंट्रिलोक्विस्टमध्येही. या शेवटच्याचा मूळ अर्थ ‘पोटातून बोलणारा’. अर्धवटरावांना बोलकं करणारे रामदास पाध्ये आठव, पुन्हा विसरणार नाहीस.

न बोलणाऱ्यांचे शब्द मात्र जपून वापर. टॅसिटर्न आणि रेटिसंट, दोन्ही ‘गप्प राहणं’ या एकाच लॅटिन धातूतून आले. पण टॅसिटर्न म्हणजे स्वभावानंच घुमा, आणि रेटिसंट म्हणजे मनातलं, विशेषतः स्वतःबद्दलचं, चटकन न सांगणारा. एका विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात मी रेटिसंटच्या जागी टॅसिटर्न लिहिलं. मुलाखतीत त्याला पहिलाच प्रश्न आला, ‘तुमचं लोकांशी जमत नाही का?’ किती जीव लावणारा मुलगा होता तो! मला ते अजून खुपतं.

लॅकॉनिक या दोघांहून वेगळा. तो बोलतो, पण मोजकं आणि नेमकं. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाचा प्रदेश लॅकोनिया, त्यावरूनच हा शब्द आला. ग्रीक लेखक प्लूटार्क सांगतो, मॅसेडोनियाच्या फिलिप राजानं धमकी पाठवली, ‘मी जर लॅकोनियात शिरलो, तर तुम्हाला हाकलून देईन.’ स्पार्टाचं उत्तर एका शब्दाचं होतं: ‘जर!’

आता वहीतले मराठी अर्थ खोड. प्रत्येक शब्दापुढे ओळखीच्या एकाचं नाव लिही, आणि हा शब्द तोंडावर म्हटला तर त्याला आवडेल की लागेल, तेही लिही. रविवारी वही घेऊन ये. नावं आपल्या दोघांतच राहतील.