पूर्वपक्ष कोणाचा?

पुण्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलंय : नववीच्या मुलांकडून वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेताना विषयाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना 'पूर्वपक्ष' आणि विरोधात बोलणाऱ्यांना 'उत्तरपक्ष' म्हटलं तर चालेल का? आणि समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर देण्याला 'खंडन' म्हणावं की 'प्रतिवाद'?

'पूर्वपक्ष' तसा वापरू नये. 'अनुकूल बाजू' आणि 'प्रतिकूल बाजू' हे रुळलेले शब्द आहेतच. पूर्वपक्ष म्हणजे आपल्याला मान्य नसलेलं, तरी आपणच आधी नीट मांडायचं म्हणणं. मीमांसा आणि वेदान्त या दर्शनांत चर्चा विषय, संशय, पूर्वपक्ष आणि मग सिद्धांत, म्हणजे शेवटचा निर्णय, अशी पुढे जाते. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात पूर्वपक्ष कधी कधी इतका ताकदीनं येतो, की नवख्याला तेच आचार्यांचं मत वाटावं! मांडणारा आणि खोडणारा एकच असतो. हा शब्द दोन संघांत वाटून टाकला, की मुलांच्या हातून नेमकं हेच निसटतं.

समजा विषय आहे 'शाळेत मोबाइल वापरू द्यावा'. प्रतिकूल बाजूची मुलगी "हे म्हणणं साफ चुकीचं आहे" एवढंच बोलून पुढे गेली, तर तिनं काहीच खोडलेलं नाही. तिनं म्हणावं, "मुलं क्लासहून पीएमपीच्या बसनं एकटी घरी येतात, उशीर झाला तर कळवायला फोन हवा, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्यासाठी फोन दप्तरात बंद ठेवला तरी भागतं. वर्गात तो सुरू कशाला हवा?" यातलं पहिलं वाक्य पूर्वपक्षाचं.

खंडन आणि प्रतिवाद दोन्ही बरोबर. वर्गात मी 'प्रतिवाद' घेईन. बातम्यांत 'वृत्ताचं खंडन केलं' म्हणजे नुसतं 'नाही' म्हटलं. त्याला 'इन्कार' हा छान शब्द आहे. प्रतिवादात कारण द्यावंच लागतं. बोलताना सरळ 'मुद्दा खोडून काढ' म्हणा.

वितंडवाद आपण निरर्थक भांडणाला म्हणतो. न्यायसूत्रांतली, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातली, वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडणं. प्रतिवाद शिकवताना मुलं इकडे फार लवकर घसरतात.

नमुना पुण्यातलाच घ्या : मुलींच्या संमतिवयाची मर्यादा वाढवणाऱ्या १८९१च्या कायद्यावरून टिळकांचा 'केसरी' आणि आगरकरांचा 'सुधारक' या पत्रांतला वाद. दोन्हीकडचे उतारे शेजारी ठेवून कोण कुणाचं म्हणणं किती न्यायानं मांडतं, ते मुलांना शोधू द्या. सरावाच्या गुणपत्रकात 'प्रतिवाद'च्या आधी 'पूर्वपक्ष' असा वेगळा रकाना ठेवा, आणि "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं समोरच्यानं कबूल केलं तरच त्यात गुण द्या.