एवढ्याशा पायाला प्लेट?

प्रश्न : आमची पॉमेरेनियन चिंगी पावणेदोन किलोची. सोफ्यावरून उडी मारली आणि पुढचा पाय मनगटाच्या वर मोडला. प्लास्टरला पाच आठवडे झाले, तरी पाय टेकत नाही. आता डॉक्टर प्लेट घालायची म्हणतात. एवढ्याशा पायात ती मावेल?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मावते हो! दीड मिलिमीटर जाडीचे स्क्रू मिळतात. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या डबीत शोभतील असे. माझ्या हाताला पहिल्यांदा घाम फुटला होता, आता सवय झाली.

प्लास्टर का फसलं? चिंगीचं ते हाड पेन्सिलीहून बारीक. मनगटाजवळ त्यावर मांस जवळजवळ नाहीच, रक्तपुरवठाही तुटपुंजा. त्यात प्लास्टरमध्ये टोकं थोडी हलत राहतात. मोठ्या कुत्र्यात हे खपून जातं, इथे हाड जुळतच नाही. कधी टोकं झिजून आणखी बारीक होतात, म्हणून आता थांबू नका. इतके दिवस गेल्यामुळे दुसऱ्या जागचं थोडं हाड तिथे भरावं लागेल, तयारी ठेवा.

आणि हळदीचा लेप नको. आपण हळदीच्या गावचे, मोह होतो, कळतं मला. पण लेपाखाली कातडी कुजलेली मी पाहिली आहे.

ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे पिंजऱ्यात. शी-शूला उचलून न्यायचं, तेही दोन्ही हातांनी. मग एक्स-रे. तोवर सोफा भिंतीकडे तोंड करून ठेवा. नातवंडं कुरकुरतील, कुरकुरू देत.