फ्युरी रोड दुपारी ३ ला लावू नका (अनुभवाचे बोल, जरा लांब झालंय)

तुमची पोस्ट वाचून हसूच आलं, तुमच्यावर नाही, स्वतःवर. उदगीरला कॉलेजच्या ग्रुपसाठी 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' हा पिक्चर लावला, पोरं अर्ध्यातून उठून गेली, त्याआधी मोबाईलवर बघितला तेव्हाही तुम्हाला नुसता गाड्यांचा धुरळा वाटला, आणि आता विचारताय की याला ६ ऑस्कर कशाचे दिले आणि परत लावायच्या भानगडीत पडावं का. २०१६ च्या मे महिन्यात लातुरात माझं डिट्टो असंच झालेलं.

आधीच सांगतो, मी समीक्षक वगैरे नाही, मोटार वायंडिंगचं दुकान आहे, बोअरच्या मोटारी भरतो, तेव्हा पटलं तर घ्या नाहीतर सोडून द्या. परवाना, चांगली प्रत, स्पीकर हे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही.

माझी चूक एकच, दुपारी ३ ची वेळ मान्य केली. हॉल एका कचेरीचा होता (नाव घेत नाही, अजून तिथं कामं पडतात). अर्ज दिला तर म्हणे लेटरहेडवर आणा. लेटरहेड आणलं तर आवक-जावकवाल्या मॅडम रजेवर, मॅडम आल्या तर साहेब टंचाईच्या मीटिंगला. चौथ्या खेपेला साहेब सापडले, म्हणाले ५ ला हॉल बंद होतो, ३ ते ५ घ्या, पिक्चर दोन तासांचाच आहे ना? आहे खरा, १२० मिनिटं, म्हणून मी येडा खूश की बरोबर मापात बसायलंय. पडदे आहेत का विचारलं तर "आहेत की". होते. पिवळट, जाळीचे, आणि पश्चिमेच्या दोन खिडक्यांना तेही नव्हते. मे महिना, लातूर, दुपारचे तीन. अनामत २००० भरून घेतली ती आजपर्यंत परत मिळायचीय, विचारायला गेलं की फाईल वर गेलीय म्हणतात. वर म्हणजे कुठं देव जाणे, इमारत एक मजली आहे.

प्रोजेक्टर मीटिंगांसाठी घेतलेला, चौकोनी. पिक्चर आडवा, लांबरुंद. सुरू झाल्या झाल्या मागून ओरड, वर-खाली काळ्या पट्ट्या का दिसायल्यात? शिपायानं तत्परतेनं रिमोट घेतला आणि झूम करून पट्ट्या घालवल्या, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचं वाळवंटच कापून टाकलं. मी कपाळाला हात लावला, पण गंमत अशी की पाठलाग तरीही सगळ्यांना नीट कळत होता, कोण कुणाच्या मागं, कोण कुठल्या गाडीवर उडी मारतंय, काही अडलं नाही. का ते नंतर वाचल्यावर समजलं. दिग्दर्शक जॉर्ज मिलर आणि कॅमेरामन जॉन सील यांनी ठरवूनच प्रत्येक शॉटमधली महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध ठेवलीय, चेहरा असो, बंदूक असो की स्टिअरिंग. कट इतके भराभर पडतात की डोळ्याला शोधत बसायला वेळ नाही, पण शोधायची गरजच पडत नाही, नजर जिथं आहे तिथंच पुढचा शॉट येऊन बसतो. बाकीचे मारधाडीचे पिक्चर बघून डोकं दुखतं आणि याचं दुखत नाही त्याचं कारण हे. एडिटिंग मिलरच्या बायकोनं केलंय, मार्गारेट सिक्सेल, त्याआधी तिनं ॲक्शन पिक्चर एडिट केलेलाच नव्हता. सुमारे ४८० तासांचं शूटिंग होतं, त्यातून दोन तास काढले बाईनं. ६ पैकी एक ऑस्कर तिचा. तो तरी कशाचा दिला असं कुणी विचारू नये.

पण खरा घात पुढं झाला. मधे रात्रीचा भाग येतो, निळा, चिखलातला, नायिका फ्युरिओसा पळवून नेतेय तो टँकर रुतून बसतो. तो भाग त्यांनी दिवसाच शूट केलाय, नामिबियाच्या वाळवंटात, मुद्दाम जास्त उजेड घेऊन, आणि नंतर तो गडद निळा केलाय. चांगल्या पडद्यावर तो भाग म्हणजे एखादं स्वप्नच वाटतं, काळे कावळे, काठ्यांवर चालणारी माणसं. आमच्या हॉलमध्ये काय दिसलं? भिंत. उन्हात राखाडी भिंत आणि नुसता आवाज. जवळपास ४० माणसं होती, तिथंच १५ वर आली. आणि (पुढचं उघड करतोय, तुम्ही बघितलाय म्हणून) तोच चिखल म्हणजे तिच्या लहानपणीची ती हिरवी जागा, जिच्यासाठी फ्युरिओसा एवढी पळतेय. माती नासली, पाणी नासलं, हिरवं काही उरलं नाही. ते ज्याला दिसलं नाही त्याला ती गुडघ्यावर का कोसळते आणि सगळे आल्या रस्त्यानं परत का फिरतात, हे कसं कळणार? मग तो म्हणणारच की स्टोरी नाही, नुसतं गेले आणि आले. तुमची पोरं कुठल्या सीनला उठली ते आठवून बघा, माझी पैज आहे तिथंच उठली असणार.

आता पाण्याचं. सुरुवातीला तो बुढ्ढा, सगळं पाणी ज्याच्या ताब्यात आहे तो हुकूमशहा, उंच कड्यावरून लिव्हर ओढतो, तीन मोठ्या पायपांतून पाणी धो धो खाली, खाली माणसं परात, डबा, जे हातात असेल ते घेऊन तुटून पडलेली, आणि भांडी भरायच्या आत पाणी बंद, वर पाण्याचा नाद लावून घेऊ नका असा उपदेश. मी पाण्याच्या धंद्यातला माणूस, माझं लक्ष वेगळीकडंच. एवढ्या उंचीवरून सोडलेलं पाणी निम्म्याच्या वर खडकात आणि मातीत जातं, खाली एक नळ बसवला असता तर सगळ्यांना पुरलं असतं. पण नळ बसवला तर त्याला हात जोडायला कोण येईल? हे एकाही डायलॉगमध्ये नाही, नुसतं दाखवलंय. याला मी पिक्चर म्हणतो.

पुढं नायक मॅक्स टँकरपाशी येतो तिथं फ्युरिओसानं त्या बुढ्ढ्याच्या तावडीतून सोडवलेल्या पोरी नळीनं अंग धुतायत, पाणी वाळूत चाललंय. आमच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत एक मावशी होत्या, हॉल झाडणाऱ्या, त्या जोरात म्हणाल्या, "अगं नळी बंद कर की बाई!" कुणी हसलं नाही बघा. एप्रिलमध्येच मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, आधी १० डब्यांची गाडी, मग ५० डब्यांची. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती, कलम १४४. आणि हे पिक्चरवाले! आधी ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला शूटिंग करणार होते, तिथं पाऊस पडून वाळवंट हिरवं झालं, फुलं आली, म्हणून सगळा बाडबिस्तरा उचलून नामिबियाला गेले. पाऊस पडला म्हणून गाव सोडणारी माणसं मी पहिल्यांदाच ऐकली.

पिक्चरमध्ये पुढं एक म्हातारी भेटते, तिची बियांची पिशवी पण बघा नीट. माझ्या आजीकडं असंच गाडगं होतं, राखेत घातलेलं बियाणं. असो, विषय लांबतोय.

गाड्यांबद्दल दोन शब्द, धंद्यामुळं राहवत नाही. त्या गाड्या खऱ्या बांधलेल्या आहेत, वाळूत खऱ्या पळवलेल्या आहेत. बांबूसारख्या दांड्यांवर झुलणारी माणसंही खरी, दांडीच्या खालच्या टोकाला वजन बांधून तोल साधलाय. कॉम्प्युटर वापरला नाही असं नाही, ते वादळ सगळं कॉम्प्युटरचं, फ्युरिओसाचा हातही त्यातच गायब केलाय, पण वजन कुठं खरं आहे ते मेकॅनिकच्या डोळ्याला लगेच कळतं. एक डाव घरी टीव्हीचा रंग शून्यावर नेऊन बघा, मिलरनं नंतर ब्लॅक अँड व्हाइट आवृत्तीही काढली होती. आणि टीव्हीत ती हालचाल गुळगुळीत करायची सेटिंग असते ती आधी बंद करा, नाहीतर सगळं सिरियलसारखं दिसतं.

तर परत लावावा का? लावा, पण अंधार पडल्यावरच, ८ च्या आत नाही. हॉल मिळत नसेल तर कुणाच्या तरी गच्चीवर पांढरी चादर ताणा, लाईट गेली तर इन्व्हर्टर लागेल तेवढं बघून ठेवा. सगळ्यांच्या हॉलची तीच गत असते असं मी म्हणत नाही, तुमचं कॉलेज बरं असेल. तरी हॉलच हवा असेल तर फोनवर "पडदे आहेत का" विचारू नका. दुपारी ३ ला स्वतः जा, दिवे बंद करा, भिंतीसमोर उभं राहून तुमची सावली पडतेय का बघा, आणि पश्चिमेला खिडक्या किती ते इथं लिहा, मग पुढचं सांगतो.