‘टाइप २ नाही, तर मग कोणता?’

“मॅडम, म्हणजे मला कॅन्सर आहे का?” चाळिशीतल्या त्या गृहस्थांचा हा पहिलाच प्रश्न. टाइप २ मधुमेह म्हणून त्यांच्या गोळ्या चालू होत्या, पण शुगर आटोक्यात येत नव्हती. नव्या डॉक्टरांनी कागदावर ‘स्वादुपिंडाच्या आजारामुळे झालेला मधुमेह, टाइप ३सी’ असं लिहून त्यांना समुपदेशनासाठी पाठवलं होतं. हे नाव ऐकून येणारे बरेच जण हीच भीती घेऊन येतात.

त्यांच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात खडे होते, नलिका फुगलेली होती, गाठ मात्र नव्हती. हा दीर्घकाळ धुमसत राहिलेला पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह होता. या मधुमेहाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण तेच. शस्त्रक्रियेत स्वादुपिंड काढावं लागणं, सिस्टिक फायब्रोसिस हा शरीरातले स्राव घट्ट करणारा जन्मजात आजार, शरीरात लोह साठत जाण्याचा आजार, यांतूनही तो होतो. कॅन्सरही त्या कारणांमध्ये आहे, हे मी लपवत नाही. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघाला आणि काही कारण नसताना वजन उतरू लागलं, तर स्वादुपिंडाची तपासणी लांबणीवर टाकू नये.

“मग आधी कुणाला कसं कळलं नाही?” हा प्रश्न त्यांच्या पत्नीचा. त्यात राग होता, आणि तो मला समजत होता. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्याहून जास्त, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, हे आकडे मधुमेह आहे एवढंच सांगतात. तो कशामुळे झाला ते सांगत नाहीत. मोठ्या वयात निघालेला मधुमेह बहुतेक वेळा टाइप २च असतो, म्हणून तोच शिक्का पडतो. पोटाबद्दल मुद्दाम विचारलं तरच खरी गोष्ट बाहेर येते.

मी विचारलं, तेव्हा ते गप्प बसले आणि वहिनी बोलू लागल्या. वर्षानुवर्षं अधूनमधून पोटात कळ येऊन ती पाठीत जायची, त्यावर ‘ॲसिडिटी’ची औषधं चालायची. नीट जेवूनही अंग धरत नव्हतं. शौचाला चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं होत होतं. शौचाविषयी बोलायची लोकांना लाज वाटते, पण इथे निदानाची किल्ली तीच आहे. स्वादुपिंड इन्शुलिन बनवतं तसेच पाचकरसही बनवतं. ते रस कमी पडले की स्निग्ध पदार्थ न पचताच बाहेर पडतात.

पुढच्या तपासण्या याच धाग्याने झाल्या. शौचातलं इलास्टेज हे स्वादुपिंडाच्या पाचकरसातलं विकर (एन्झाइम) दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर पाचकरस कमी पडत असल्याची शंका येते. यांचं १०० च्याही खाली होतं. टाइप १ मध्ये शरीर स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतं, तेव्हा रक्तात सापडणाऱ्या जीएडीसारख्या अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या. स्कॅन तर समोर होताच. तिन्ही गोष्टी एका दिशेला बोट दाखवत होत्या, म्हणून डॉक्टर ठामपणे लिहू शकले. प्रत्येकाचं चित्र इतकं स्वच्छ नसतं. जुन्या टाइप १ किंवा टाइप २ मध्येही इलास्टेज थोडं घसरू शकतं, शौच पातळ असेल तर आकडा खोटाच कमी येतो, आणि आधीपासून टाइप २ असलेल्या माणसाला नंतर पँक्रियाटायटिस होऊ शकतो. एका रिपोर्टवर स्वतःचा प्रकार ठरवू नका, असं मी कळकळीने सांगते.

“नाव बदलून काय फरक पडतो?” फार मोठा फरक पडतो. या आजारात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींबरोबर ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशीही मरतात. शुगर खाली गेली की ती वर खेचणारं हार्मोन हेच. ते नसल्यामुळे इन्शुलिन घेणाऱ्याची शुगर झपकन आणि खोल उतरू शकते. म्हणून जेवण चुकलं, उलट्या झाल्या, तर इन्शुलिनचा डोस कसा बदलायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायला सांगितलं. पँक्रियाटायटिस होऊन गेलेल्यांना मधुमेहाची काही औषधं सहसा देत नाहीत, हेही प्रकार कळल्यावरच ध्यानात घेतलं जातं. शिवाय पाचकरसांच्या कॅप्सूल जेवतानाच घ्यायच्या असतात, रिकाम्या पोटी नाही. त्या सुरू झाल्यावर अन्न अंगी लागू लागतं आणि शुगर वाढू शकते. तेव्हा घाबरून कॅप्सूल बंद करू नका, मधुमेहाच्या औषधाचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या, हे मी वहिनींना दोनदा सांगितलं.

ते दारू घेत नव्हते, तरी सगळे ‘किती पिता?’ एवढंच विचारायचे, याचं त्यांना फार लागलं होतं. दारू हे मोठं कारण आहे, पण एकमेव नाही, हे मी दोघांसमोर स्पष्ट बोलले. सिगारेट मात्र ते ओढत होते. तंबाखूने स्वादुपिंडाचं नुकसान वेगाने वाढतं. ती सोडण्याबद्दल आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो.

निघताना त्यांनी मुलांबद्दल विचारलं. बहुतेकांच्या बाबतीत हा मधुमेह तसा वारशाने उतरत नाही. पण पँक्रियाटायटिसचे काही प्रकार आनुवंशिक असतात. त्यांच्या एका काकांनाही तरुणपणापासून अशीच पोटदुखी होती, असं बोलता बोलता निघालं. ते कागदावर लिहून पुढच्या भेटीत जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायचं ठरलं.