आधी वह्या परत द्या

एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला दोन मित्रांबरोबर कॉमिक्सची छोटी प्रकाशनसंस्था काढायची आहे. वडिलांनी तिच्या चित्रवह्या परीक्षेपर्यंत कपाटात कुलूपबंद केल्या आहेत. तिने धंद्याचा हिशेब मांडलेलं पानही त्यांनी सोबत पाठवलं आहे, आणि तिला सीएकडे वळवणारे चार शब्द माझ्याकडून हवे आहेत.

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी त्या कुलपापाशीच अडखळले. तिला मिळालेल्या ६८ टक्के गुणांची मला चिंता नाही. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीच्या वह्या काढून घेतल्या की ती अभ्यासाला बसते, पण तुमच्याशी बोलायची थांबते. पत्रात तुम्हीच लिहिलंय, "हल्ली ती जेवायला वेगळी बसते." हे पान तरी तिला विचारून पाठवलंत का? वह्या आजच परत द्या. सीए, एमबीए, बँकेच्या परीक्षा कुठे पळून जात नाहीत, त्या पुढच्या वर्षीही देता येतील.

आता तिचं पान. छापील किंमत गुणिले हजार प्रती, वजा छपाई, राहिला तो नफा, असं तिने धरलंय. इथे ती चुकते आहे. वितरक आणि दुकानदार मिळून किमतीतला निम्म्याहून अधिक वाटा नेतात. उरलेल्यात छपाई, मानधन, वाहतूक भागवायची. हजारच प्रती काढल्या तर एकेक प्रत महाग पडते. पुस्तकांच्या दुकानांतून न खपलेल्या प्रती परत येतात, तेही कोपरे दुमडून. आणि छापखान्याचं बिल लगेच भरावं लागतं, विक्रीचे पैसे मात्र कित्येक महिन्यांनी हाती पडतात. त्यामुळे पुस्तक चांगलं खपत असतानाही प्रकाशक बुडू शकतो. अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानांना वर्षानुवर्षं माल पुरवणारी डायमंड ही वितरक कंपनी जानेवारी २०२५मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा विकलेल्या मालाचे पैसे अनेक छोट्या प्रकाशकांना मिळाले नाहीत आणि गोदामात ठेवलेल्या प्रतीही अडकून पडल्या.

जे तग धरतात त्यांना जुनी पुस्तकं सांभाळतात. सुटे अंक एकत्र करून काढलेलं जाड पुस्तक वर्षानुवर्षं खपत राहतं. महोत्सवात स्वतःच्या टेबलावर विकलेल्या प्रतीची पूर्ण किंमत हातात येते. परभाषेतले हक्क विकता येतात. आगाऊ नोंदणी किंवा लोकवर्गणी केली की पैसे आधी येतात आणि छपाई नंतर होते. मात्र वर्गणीची रक्कम म्हणजे कमाई नव्हे, तिच्यातला मोठा भाग छपाई आणि टपालातच जातो. १९७६पासून चालू असलेल्या फँटाग्राफिक्स या अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशनसंस्थेलाही २०१३मध्ये पुढच्या हंगामातली पुस्तकं काढण्यासाठी वाचकांकडे दीड लाख डॉलर मागावे लागले. वाचकांनी ते दिले, कारण त्यांच्या घरात या प्रकाशनाची आधीची पुस्तकं होती.

तुम्हाला वाटतंय की मुलगी हिशेबापासून पळते आहे. ती तर हिशेबातच शिरते आहे! अमेरिकेतले चित्रकार जेफ स्मिथ यांनी १९९१मध्ये 'बोन' हे आपलं कॉमिक स्वतः छापायला सुरुवात केली, पण त्यांच्या पत्नी विजया अय्यर यांनी नोकरी सोडून व्यवसायाची बाजू हाती घेतली म्हणून त्यांना चित्रं काढायला मोकळीक मिळाली. चित्रं काढणारे पुष्कळ भेटतात, येणं-जाणं पाहणारं माणूस मिळत नाही. तुमच्या मुलीकडे दोन्ही आहे.

तिलाही स्पष्ट सांगते: पहिली काही वर्षं यातून पगार निघेल असं धरू नकोस. हिशेबाची अर्धवेळ नोकरी बघ, घरखर्च आणि पुस्तकांचे पैसे एका खात्यात ठेवू नकोस, आणि दोघा मित्रांशी लेखी करार कर. चित्रांचे हक्क कुणाकडे राहणार, हे त्यात पहिल्याच पानावर हवं.

पुढचं काम एवढंच. एकाच पुस्तकाचा बारा महिन्यांचा तक्ता मांडायचा: कोणत्या महिन्यात किती जाणार, कोणत्या महिन्यात किती येणार. तो तक्ता मला तिने स्वतः पाठवावा.