320 युनिटचं बिल येतं. आधी सोलर बसवू की आधी पंखे-फ्रिज बदलू?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला रो-हाउस आहे, महिन्याला सरासरी 320 युनिट जातात आणि एकजण 3 किलोवॉटचं सोलर घ्या म्हणून मागे लागलाय. माझ्या मते त्याला महिनाभर थांबवा. आमच्याकडे आणि नंतर मेव्हण्याकडे ही सगळी प्रक्रिया मीच केली, त्यावरून सांगतो.

आधी पंखे. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) 30 च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास धरले तर महिन्याला साठ-पासष्ट युनिट वाचतात. यावर सबसिडी नाही, पण ही युनिट बिलातल्या सगळ्यात महागड्या स्लॅबमधून कमी होतात. बीएलडीसीला रिमोट असतो. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर इलेक्ट्रिशियनकडून काढून थेट वायर जोडून घ्या, नाहीतर पंखा अडखळतो.

फ्रिज चालतोय तोवर राहू द्या. घ्यायचाच झाला तर नुसते स्टार मोजू नका, लेबलवर वर्षाची किती युनिट लिहिलीत ते बघा. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे कालचा फाइव्ह स्टार आज तितका असेलच असं नाही.

आता तुमचा वापर 255 वर आला. 1 किलोवॉट पॅनल आपल्याकडे दिवसाला साधारण 4 युनिट देतं, म्हणजे 2 किलोवॉटमध्ये महिन्याचे 240 निघाले. पंतप्रधान सूर्यघर या घरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या सबसिडी योजनेत पहिल्या 2 किलोवॉटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला फक्त 18,000 रुपये मिळतात. 78,000 च्या वर, 5 किलोवॉट लावलंत तरी, एक रुपयाही नाही. विक्रेते हे शेवटचं वाक्य जरा हळू आवाजात सांगतात. जास्तीची वीज नेट मीटरमधून (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) महावितरणकडे जमा होते खरी, पण 31 मार्चला हिशोब बंद होतो आणि उरलेल्या युनिटना तुम्ही मोजता त्याच्या मानाने फारच कमी दर मिळतो. एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं ठरलेलं असेल तरच तिसरा किलोवॉट घ्या.

बहुतेकांचं घोडं अडतं ते कागदावर. वीजबिल कोणाच्या नावावर आहे? मेव्हण्याचं बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर होतं. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि सबसिडी बँक खात्यात येते, त्यामुळे नाव जुळायलाच हवं. आधी महावितरणकडे नावबदल, मग योजनेच्या पोर्टलवर (वेबसाइटवर) नोंदणी, हाच क्रम ठेवा.

विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला असावा. कोटेशनवर पॅनल ‘डीसीआर’ असल्याचं लिहून घ्या, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेले. बिगर-डीसीआर स्वस्त पडतात, पण त्यावर सबसिडी मिळत नाही. आणि ‘सबसिडी वजा जाता किंमत’ असं कोणी म्हणालं तर पूर्ण किंमत विचारा. पैसे आधी तुम्ही भरायचे. मीटर बसून प्लांट सुरू झाला की सबसिडी तुमच्या खात्यात येते. एकरकमी जमत नसेल तर बँका या योजनेत तारणाशिवाय कर्ज देतात.

गच्चीवर किलोवॉटमागे शंभर चौरस फूट तरी लागतात. सकाळी दहा आणि दुपारी तीनला वर जाऊन टाकीची, शेजारच्या नारळाची सावली कुठे पडते ते बघा. हे हिवाळ्यात केलंत तर उत्तम, कारण तेव्हा सावली लांब पडते.

बिल शून्य होईल या भरवशावर मात्र राहू नका, स्थिर आकार लागतोच. शिवाय लाइट गेली की साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच असते. त्यामुळे घरात इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर सोलर आलं म्हणून ती विकून टाकू नका.