मुलीला स्क्रम मास्टरचा कोर्स लावावा का?

पत्र (थोडक्यात): मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकते. कॅम्पसच्या दोन मुलाखतींत तिला 'अजाइल' आणि 'स्क्रम'बद्दल विचारलं. तिनं पुस्तकातलं उत्तर दिलं, पण पुढच्या प्रश्नाला अडली. आता एक क्लास ३८,००० रुपयांत 'स्क्रम मास्टर'चा कोर्स आणि नोकरीची हमी देतो आहे. पतसंस्थेतून कर्ज काढायची माझी तयारी आहे. हे नेमकं काय असतं, आणि पैसे भरावेत का? ती मराठी माध्यमातून आलेली आहे, चारचौघांत इंग्रजी बोलताना दबते, हीसुद्धा काळजी आहे. – एक पालक

सर, सप्रेम नमस्कार.

कर्जाचा विषय आहे म्हणून आधी तेच सांगते: हा कोर्स आत्ता लावू नका. अजाइल आणि स्क्रम तिला यायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण ते शिकायला पतसंस्थेची पायरी चढावी लागत नाही. शिवाय स्क्रम मास्टर ही फ्रेशरला मिळणारी नोकरी नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

सॉफ्टवेअर बनवायची जुनी रीत अशी, की ग्राहकाला काय हवं ते सगळं आधी लिहून घ्यायचं, मग आराखडा, मग कोडिंग, मग टेस्टिंग, आणि वर्ष-दीड वर्षानं सगळं एकदम त्याच्या हाती द्यायचं. मुलीच्या पुस्तकात याला वॉटरफॉल म्हटलेलं सापडेल. अडचण अशी, की आपल्याला नेमकं काय हवं होतं हे ग्राहकाला बरेचदा वस्तू समोर आल्यावरच कळतं. तोवर पैसा आणि वेळ दोन्ही खर्च झालेलं असतं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथं १७ अनुभवी सॉफ्टवेअरवाले जमले. प्रत्येकाची काम करायची तऱ्हा वेगळी होती, पण चार गोष्टींवर त्यांचं एकमत झालं आणि त्यांनी 'अजाइल'चा छोटासा जाहीरनामा लिहिला: प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं महत्त्वाचं, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाला सोबत घेणं, आणि आखलेल्या योजनेला चिकटून बसण्यापेक्षा बदलाप्रमाणे वळणं. मुलं या चार ओळी पाठ करतात आणि त्यांच्या खालची ओळ सोडून देतात. ती ओळ सांगते, की मागे ठेवलेल्या गोष्टींनाही मोल आहे, फक्त पुढे ठेवलेल्यांना अधिक आहे. 'अजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन नसतं' असं मुलाखतीत सांगणारी मुलं इथेच फसतात.

अजाइल हा विचार, आणि स्क्रम ही त्या विचारानं काम करायची एक चौकट. तिचं मूळ जाहीरनाम्याच्याही आधीचं आहे. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लिहिलं, की नवं उत्पादन झपाट्यानं आणणाऱ्या कंपन्यांतले गट रग्बीच्या संघासारखे सगळे मिळून पुढे सरकतात. 'स्क्रम' हा शब्द त्या खेळातलाच. जेफ सदरलंड आणि केन श्वेबर यांनी त्यावरून सॉफ्टवेअरसाठी पद्धत बसवली आणि १९९५ मध्ये एका परिषदेत मांडली. दोघांनी लिहिलेलं 'स्क्रम गाइड' २०१० पासून इंटरनेटवर फुकट आहे. सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची, पंधरा पानांच्या आतली. क्लास जे ३८,००० ला विकतो आहे त्याचा गाभा या पानांत आहे.

गाइडमध्ये टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची सांगितली आहे. काय आधी करायचं आणि काय मागे ठेवायचं हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो. प्रत्यक्ष काम करणारे ते डेव्हलपर्स. टीम ही पद्धत नीट पाळते आहे का, वाटेत कुठे अडते आहे का, हे बघणारा स्क्रम मास्टर. सगळ्या कामांची क्रमवार यादी म्हणजे प्रॉडक्ट बॅकलॉग. काम छोट्या मुदतींत करायचं, तिला स्प्रिंट म्हणतात. स्प्रिंट जास्तीत जास्त महिन्याचा असतो, पुण्यातल्या कंपन्यांत बहुधा दोन आठवड्यांचा. सुरुवातीला प्लॅनिंग, रोज १५ मिनिटांची बैठक, म्हणजे डेली, शेवटी झालेलं काम दाखवायचा रिव्ह्यू, ज्याला सगळे डेमोच म्हणतात, आणि मग 'आपण काम कसं केलं' यावर बोलायचा रेट्रो.

हे सगळं वाचून पाठ होतं, पण मुलाखतीचा दुसरा प्रश्न आला की उपयोगी पडत नाही. तुमच्या मुलीचं तेच झालं असणार. म्हणून एक खरं काम सांगते.

गेल्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्या चार मुलींनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हॉस्टेलच्या मेसचं ॲप घेतलं. उद्या जेवायला कोण आहे, कोण नाही, हे आधी कळलं तर अन्न वाया जाणार नाही, एवढी साधी गोष्ट. पण त्यांची यादी बघितली तर लॉगिन, ऑनलाइन पैसे, मेन्यू, रेटिंग, मेसवाल्या मावशींसाठी आलेखांचं पान, सगळं होतं, आणि काम दाखवायचं थेट मार्चमध्ये. मी म्हटलं, दोन आठवड्यांत यातलं एकच दाखवा. त्यांनी पहिली ओळ लिहिली: 'मेसमध्ये जेवणारी मुलगी म्हणून मला रात्री ९ पर्यंत उद्या नाही असं कळवता यावं, म्हणजे माझं ताट वाया जाणार नाही.' कामाच्या अशा एका ओळीला कंपनीत यूझर स्टोरी म्हणतात. गाइडमध्ये ती सक्तीची नाही, पण बहुतेक टीम वापरतात.

दोन आठवड्यांनी एक स्क्रीन तयार झाली. रंगसुद्धा धड नव्हते. ती घेऊन चौघी मावशींकडे गेल्या आणि पुढे आलेखांचंही पान येणार असल्याचं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "पिठाच्या हातानं मी मोबाइल कुठं बघत बसू? मला आकडा द्या. सकाळी किती, संध्याकाळी किती." जे पान बनवायला एकीनं महिना धरला होता, ते बनवायच्या आधीच यादीतून गेलं. त्याऐवजी रोज रात्री मावशींच्या व्हॉट्सॲपवर दोन आकडे जायला लागले. मार्चपर्यंत थांबल्या असत्या तर परीक्षकांपुढे आलेख छान दिसले असते आणि मावशींनी ॲप एकदाही उघडलं नसतं.

त्याच स्प्रिंटमध्ये दुसरी गोष्ट उघडी पडली. एकीनं तिचं काम 'झालं' म्हणून सांगितलं होतं, ते तिच्या लॅपटॉपवर चालत होतं आणि बाकी कुणाच्याच फोनवर चालत नव्हतं. रेट्रोमध्ये चौघींनी ठरवलं, की दुसरीच्या फोनवर चालून बघितल्याशिवाय कशालाही 'झालं' म्हणायचं नाही. याला स्क्रममध्ये डेफिनिशन ऑफ डन म्हणतात. व्याख्या पाठ करून एवढं उमगलं नसतं. मुलाखतीत यातल्या एकीला 'डन म्हणजे काय' विचारलं, तेव्हा तिनं फोनचाच किस्सा सांगितला.

आता इंग्रजीची काळजी. सर, इथं जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडच्या मुलांचं खरं अडतं ते इथंच, आणि याचा कोर्स कुणी विकत नाही. अमेरिकेतल्या ग्राहकाचं काम असेल तर पुण्यातली डेली बरेचदा संध्याकाळी साडेसहा-सातला असते, तिकडे तेव्हा सकाळ असते. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिट-दीड मिनिट येतं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. गाइडमधून हे तीन प्रश्न २०२० मध्ये काढले, पण कंपन्यांत अजून तेच चालतात. नवीन मूल इंग्रजी चुकेल या भीतीनं एकच वाक्य बोलतं: 'काम चालू आहे.' दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी कळतं की डेटाबेसची परवानगीच मिळाली नव्हती आणि ते मूल चार दिवस नुसतं बसून होतं. तेव्हा टीमचा प्रमुख, म्हणजे लीड, चिडतो. त्या मुलाच्या व्याकरणाशी त्याला काही देणंघेणं नसतं. अडल्याचं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन फोनवर काम झालं असतं, म्हणून तो चिडतो.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून मोकळेपणानं लिहिते. शाळेपासून आपण मुलांना पूर्ण झालेली वही दाखवायला शिकवतो. अर्धी वही दाखवली की ओरडा मिळतो, 'येत नाही' म्हटलं की मार्क जातात. स्क्रमच्या टीमला याच्या नेमकं उलटं वागणारं माणूस लागतं. अर्धवट असतानाच दाखवणारं, अडलं की त्याच दिवशी तोंड उघडणारं. ही सवय लागायला वेळ लागतो आणि ती घरापासून लागली तर सगळ्यात चांगलं. रोज रात्री तुमचा फोन होत असेल तर 'अभ्यास झाला का' ऐवजी 'आज कुठे अडलीस' असं विचारून बघा. पहिले काही दिवस ती 'कुठेच नाही' म्हणेल. विचारत राहा.

डेलीपुरतं इंग्रजी तीन वाक्यांचं आहे, पण ती नेमकी हवीत. 'लॉगिनचं पान पूर्ण झालं. आज पासवर्ड बदलायचं करते आहे. ईमेल पाठवायची परवानगी नाही, ती कुणाकडे मागू?' एवढंच इंग्रजीत. रोज मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर महिन्याभरात जीभ सैल होते.

आता स्क्रम मास्टरचं. दुसऱ्या विभागानं काम अडवलं असेल तर तिथं जाऊन बोलणं, मॅनेजर मधेच नवीन काम घुसवत असेल तर त्याला थांबवणं, टीममधलं भांडण सोडवणं, हे त्याचं काम. पहिल्या नोकरीतल्या मुलीचं कोण ऐकणार? चार-सहा वर्षं डेव्हलपर किंवा टेस्टर म्हणून काम केलेली माणसं सहसा तिकडे वळतात. त्यातही अलीकडे वारं बदललं आहे. अमेरिकेतल्या कॅपिटल वन या बँकेनं जानेवारी २०२३ मध्ये अजाइलच्या भूमिकांतली सुमारे १,१०० पदं कमी केली आणि ते काम इंजिनिअरिंगच्या नेहमीच्या कामातच सामावून घ्यायचं ठरवलं. म्हणजे पद्धत राहिली, तिच्यासाठीची वेगळी खुर्ची गेली. कोड लिहिणाऱ्या आणि टेस्टिंग करणाऱ्या प्रत्येकाला ही पद्धत यायला हवी, असं मी म्हणते ते यामुळेच.

पुढेमागे सर्टिफिकेट घ्यायचंच झालं तर दोन नावं लक्षात ठेवा. स्क्रम अलायन्स या संस्थेच्या सीएसएमसाठी (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) त्यांच्या मान्यताप्राप्त ट्रेनरकडे शिकणं सक्तीचं आहे आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण लागतं. स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेच्या पीएसएम वनला (प्रोफेशनल स्क्रम मास्टर, पहिली पातळी) क्लासची सक्ती नाही. ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के, आणि मुदत संपत नाही. तुमच्या त्या क्लासला विचारा, की सर्टिफिकेट यांपैकी कुणाचं मिळणार, की तुमच्याच लेटरहेडवरचं? आणि नोकरीची हमी लेखी देता का, नाही मिळाली तर पैसे परत करण्याची तारीख कोणती? उत्तरात चालढकल दिसली तर फोन ठेवा.

एक गोष्ट तिनं मनाशी धरून कंपनीत जावं. बऱ्याच ठिकाणी स्क्रम नावालाच असतो. पंधरा मिनिटांची डेली पाऊण तास चालते, मॅनेजर एकेकाकडून हिशेब घेतो, रेट्रोत कुणी बोलत नाही. 'जिरा' या कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिकिटं, म्हणजे कामांच्या नोंदी, इकडून तिकडे सरकवली की झालं अजाइल, असा समज असतो. अशा टीममध्ये पडली तर तिनं खचू नये, आपल्यापुरतं काम लहान तुकड्यांत करून लवकर दाखवत राहावं. आणि प्रत्येक कामाला हीच पद्धत लागते असंही नाही. काय हवं ते पक्कं माहीत आहे आणि बदलणार नाही, तिथं आधी पूर्ण आखणी करणंच शहाणपणाचं.

आता हा एवढा भाग मुलीला वाचून दाखवा. बाळ, तुझा प्रोजेक्ट जो कुठला असेल, त्याची यादी आज एका कागदावर काढ आणि गटात बसून क्रम लावा. भिंतीवर तीन रकाने करा: करायचंय, चालू आहे, झालं. प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर लिहून त्यांत चिकटवा. एका वेळी एकीच्या हाती एकच चिठ्ठी. दोन आठवड्यांचा स्प्रिंट धरा, रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं उभ्या राहून बोला, त्यातले दोन दिवस इंग्रजीत. स्क्रम गाइड एका बैठकीत वाचून काढ, पण पहिला स्प्रिंट झाल्यावर, म्हणजे कुठला शब्द कशासाठी आहे ते कळेल. स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी जेवढं झालं असेल तेवढं घेऊन, ज्याच्यासाठी बनवताय त्याच्यासमोर जा. त्यानं काय बदलायला लावलं, कुठली चिठ्ठी फाडावी लागली, ते तारखेसह वहीत लिहून ठेव. पुढच्या मुलाखतीत अजाइलचा प्रश्न आला की त्या वहीतलं सांग.